खालाचं अंडं आणि मुंबईचा समुद्र

युसुफ माझा गारखेड्याचा शेजारी. त्याच्या अम्मीला, आमच्या खालाला, हजला न्यायचं तो कित्येक वर्षं घोकत होता. अखेर बोटीची तिकिटं निघाली आणि दोघांना मुंबईपर्यंत पोहोचवायला मीही निघालो. खरं सांगायचं तर मला समुद्र बघायचा होता.

औरंगाबादहून छोट्या गाडीनं मनमाड, तिथं बदलून मोठ्या गाडीनं मुंबई. जाणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं: निजामाच्या हद्दीबाहेर आपल्या हाली रुपयाला कुणी विचारत नाही, इंग्रजी कलदार रुपये घरूनच बदलून न्यावेत. खाण्याची मात्र चिंता नव्हती. खालाच्या डब्यात भाकरी, लसणाची चटणी आणि खारातल्या कैऱ्या होत्या. त्या कैऱ्यांना गावात तोड नाही. खाराच्या पाण्यात ती अंडं सोडून बघते. अंडं वर आलं की मीठ पुरेसं.

धक्क्याजवळच्या मुसाफिरखान्यात जागा स्वच्छ मिळाली. पण खिडकीतून समुद्र दिसला आणि खाला ट्रंकेवर बसली ती उठेचना.

"युसुफ, परतीची गाडी बघ. मला नाय जायाचं."

"अम्मी, पन झालं काय?"

"विहिरीनं माजा भाऊ गिळला. तिला तळ तरी व्हता. ह्याला कुटं हाय?"

बोट दुसऱ्या दिवशी सुटणार होती. युसुफ रडकुंडीला आला. मला शाळेतला धडा आठवला.

"खाला, मिठाचं पाणी जड असतं. जड पाणी वस्तूला वर उचलतं. तुमचं अंडं नाही का वर येत?"

"मग दाव करून."

मी ऐटीत बाजारातून अंडं आणि समुद्रावरून तांब्याभर पाणी आणलं. अंडं सोडलं. ते सरळ तळाला गेलं. युसुफनं कपाळावर हात मारून घेतला. खालानं शांतपणे आपली मिठाची पुरचुंडी सोडली, मुठीमुठीनं मीठ ढवळलं, तेव्हा कुठं अंडं वर आलं.

"तुज्या दर्यात मीठ लई कमी हाय. ह्यात मी कैरी बी टाकनार नाय."

मला भयंकर राग आला, समुद्राचा आणि स्वतःचाही. संध्याकाळी दोघांना चौपाटीवर घेऊन गेलो.

इथं अब्रू बाजूला ठेवून एक सांगितलं पाहिजे. आमच्या गावात पोरं पाठीला वाळका भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकतात. बाकीच्यांचा भोपळा लवकरच सुटला, माझा मिसरूड फुटलं तरी सुटेना. मी हाडकुळा. भोपळा काढला की पाय खाली जात आणि मागोमाग मी. ही तीच विहीर, जिच्यात खालाचा भाऊ गेला. म्हणून खाला काठाला न येता लांब लिंबाखाली थांबून माझी फजिती बघायची.

रागातच छातीएवढ्या पाण्यात गेलो आणि पाठीवर पडलो. पाय आपोआप वर आले! खालून कुणीतरी हात दिल्यासारखं वाटलं.

काठावरून खालाचा आवाज आला, "या अल्ला! युसुफ, त्याला भोपळा बांदला का?"

"नाय अम्मी."

"मग ह्यो वर कसा?"

"मीठ, खाला!" मी ओरडलो आणि एक घोट पोटात गेला.

ती हसत सुटली, हसता हसता तिनं ओढणीनं डोळे पुसले. "ह्याला तारनारा दर्या मला कशाला बुडवतो?"

लोखंडी बोट पोकळ असते म्हणून गोड्या पाण्यातही तरंगते, मीठ तिला जरासंच आणखी उचलतं, हे मी सांगू लागलो. तिनं हातानंच मला गप्प केलं.

दुसऱ्या दिवशी ती बोटीवर चढली. माझा जीव असा भांड्यात पडला की परतताना गाडीत डोळा लागला, आणि सगळे जिची तारीफ करतात ती घाटातली वाट बघायची राहिलीच. तुम्ही जागे राहा.

काही महिन्यांनी दोघं सुखरूप परतले. खाला खजूर द्यायला आली तेव्हा मी विचारलं, "भीती वाटली का?"

"एकदा लई वादळ आलं. समदे रडत व्हते. मी डोळे मिटले अन् पान्यावर आलेले तुजे पाय बघितले."

त्या उन्हाळ्यात मी भोपळ्याशिवाय विहिरीत उतरलो. पाय खाली गेले, मागोमाग मी. पायरी धरून कसंबसं डोकं वर काढलं, तर खाला लिंबाखाली नव्हती. ती विहिरीच्या अगदी काठावर उभी राहून आत वाकली होती.

"थांब," ती म्हणाली, "मीठ आनते."