बर्फावरच्या मुलीचा उरलेला सिनेमा

आंबागडच्या किल्ल्याखाली जी चार-दोन गावं आहेत, त्यातल्या एका गावात मी प्राथमिक शाळेत शिकवते. काही वर्षांपूर्वी गावानं शाळेला प्रोजेक्टर घेऊन दिला. पाढ्यांचे आणि कवितांचे व्हिडिओ दाखवून संपले, तेव्हा नागपूरच्या एका मैत्रिणीनं मला देशोदेशीचे मुलांचे सिनेमे पेन ड्राइव्हमध्ये भरून दिले. शनिवारी सकाळची शाळा सुटली, की आम्ही खिडक्यांना सतरंज्या लावायचो आणि सिनेमा बघायचो. पडद्याखालची इंग्रजी अक्षरं मी मोठ्यानं मराठीत सांगायचे. पहिल्या शनिवारी पुस्तकी मराठीत सांगितलं, तर मुलं गप्प. दुसऱ्या शनिवारी नकळत घरची बोली तोंडात आली. पडद्यावरची गोरी आजी "काहून वो, कुठं चालली?" म्हणाली आणि अख्खा वर्ग खिदळला.

मी ज्या सिनेमांवर वाढले, त्यातलं मूल मोठ्यांना रडवण्यापुरतं असायचं. नाही तर ते जत्रेत हरवायचं आणि गाणं संपेपर्यंत मोठं व्हायचं. या सिनेमांतली मुलं मात्र आपापल्या कामात गुंतलेली होती. एका सिनेमातली मुलगी सबंध वेळ पळालेली कोंबडी शोधत होती, बस. मोठी माणसं पडद्यावर कमरेपर्यंतच दिसायची, कारण कॅमेरा तिच्याच उंचीवर होता. कोंबडी सापडली तेव्हा आमच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.

अशाच एका शनिवारी मी एक बर्फाळ देशातला सिनेमा लावला. त्यातली मुलगी पायाला मोठे होणारे बूट घालून गोठलेल्या तलावावरून चालत निघते. मुलं थक्क झाली. "मॅडम, आपली बोडी काहून नाही गोठत?" एकानं गावातल्या तळ्याबद्दल विचारलं. मी सांगणार तेवढ्यात पडद्यावर कळलं, की ते बूट मुलीच्या मेलेल्या आईचे आहेत.

सिनेमा आधी पूर्ण बघायचा मी कंटाळा केला होता. आणि तिसऱ्या रांगेत चौथीतली एक मुलगी बसली होती. तिची आई आदल्या वर्षी काविळीनं गेली होती. वडील चिखल्याच्या मँगनीज खाणीत कामाला, सुटीच्या दिवशी तेवढे घरी यायचे. ती आजीजवळ राहायची. मी पटकन बटण दाबलं आणि म्हणाले, "लाईट गेली रे. चला घरी."

मुलं वर बघायला लागली. पंखा गरगर फिरत होता. पण मॅडमपुढं कोण बोलणार? सगळी उठून गेली.

सोमवारी मधल्या सुटीत ती मुलगी माझ्या टेबलाशी आली.

"मॅडम, लाईट नोहोती गेली. पंखा चालू होता."

मी तपासायची वही मिटली.

"त्या पोरीची माय मेली म्हणून बंद केलं ना? माह्यासाठी?"

"हो. तुला वाईट वाटेल असं वाटलं मला."

टेबलाची कड खरवडत ती म्हणाली, "पण मले पाहाचं होतं, तिनं मंग काय केलं ते."

हे ऐकून मला माझं स्वतःचं बालपण आठवलं. मी मोहाडीच्या विणकराची मुलगी. नऊ वर्षांची असताना माझी आई गेली. त्यानंतर मी आले, की गल्लीतल्या बायांचं बोलणं थांबायचं. कुणी गालावरून हात फिरवायचं, कुणी लाडू जास्त द्यायचं. जुन्या सिनेमातल्या पोरक्या पोरीकडं बघावं, तसं सगळे माझ्याकडं बघायचे. मला काय वाटतं, हे मात्र कुणीच विचारलं नाही. आणि आता मीही या मुलीशी तेच केलं होतं.

संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. आजी अंगणात सुपानं धान पाखडत होती. मी झालेलं सगळं सांगितलं आणि विचारलं, "दाखवू का तिला पुढचा सिनेमा?"

आजी सूप खाली ठेवून म्हणाली, "दाखवा. मी पण येतो पाहाले."

शनिवारी आजी आली आणि नातीला खेटून बसली. मी सिनेमा पहिल्यापासून लावला. बर्फावरची मुलगी पुढं रडली, तशी मैत्रिणीशी भांडलीही. शेजारणीच्या डब्यातला मुरंबा बोटानं चाटला. बर्फावर धपकन पडली आणि पडल्या पडल्या हसत सुटली. वर्गही हसला. मी तिसऱ्या रांगेकडं पाहिलं. आमची मुलगी तोंडावर हात ठेवून हसत होती.

सिनेमा संपल्यावर ती आपणहून उभी राहिली. "माही माय पण अशीच पडली होती धानाच्या बांधीत, चिखलात," ती म्हणाली. "मंग तिनं मलेबी ओढलं." मुलं मागं वळून ऐकत होती. तिनं सगळं सविस्तर सांगितलं, चिखल कुठं कुठं लागला तेही.

आजीनं पदरानं डोळे पुसले. जाताना मला म्हणाली, "आमी घरी तिचं नावच नोहोतो घेत वो मॅडम. पोरगी रडन म्हणून. पोरगी तं बोलाची वाट पाहून राहिली होती."

त्याच दुपारी मी एसटीनं मोहाडीला गेले. बाबा मागावर बसले होते. त्यांची नजर आता कमी झालीय, तरी कोशाच्या रेशमाची किनार ते हातानं ओळखतात. मी शेजारी पाटावर बसले आणि विचारलं, "बाबा, आई कशी होती?"

इतक्या वर्षांत हे मी पहिल्यांदा विचारत होते. बाबांचा हात थांबला.

"बेडकाले लई भेवाची," ते म्हणाले. "एक डाव बेंडूक घरात घुसला, तं तुले काखेत घेऊन मागावरच चढली. ताण्याचे सारे धागे तोडले. मी ओरडाले गेलो, तं तूच हासून राहिली होती."

बाबा खांदे हलवत हसले. मीही हसले. मग अंधार पडेपर्यंत ते सांगत राहिले, आणि मी एकेक गोष्ट दोनदा विचारून घेतली.

ती मुलगी आता तुमसरला शिकते. मागच्या महिन्यात बसथांब्यावर भेटली. मी तिला म्हणाले, "तुझ्यामुळं मला माझी आई कळली गं." ती लाजली आणि म्हणाली, "मी काय केलं मॅडम?" तेवढ्यात तिची बस आली, ती धावत चढली. खिडकीतून मात्र हात हलवत राहिली.