उत्तर खाली लिहावे

ईमेलला उत्तर कसं द्यावं हे अख्ख्या चेन्नईत एकाच माणसाला कळतं, आणि तो माणूस अड्यारात नेमका आमच्या डोक्यावर राहतो. हे आमचे वरच्या मजल्यावरचे काका. संरक्षण खात्याच्या कारखान्यातून निवृत्त झाले आणि इथल्या मराठी मंडळींच्या ईमेल गटाचे चालक होऊन बसले. बाकी जग फोनवर अंगठे दाखवून मोकळं होतं, आमचा गट मात्र अजून ईमेलवरच, कारण काकांपुढे हा विषय काढायची कोणाची बिशाद नाही. मुळात त्यांना एका जागी चैन म्हणून पडत नाही. मेल आला की वाचणार, उठणार आणि येरझारा घालणार. पावलं जोरात वाजली की मी खाली समजतो, कोणीतरी पुन्हा उत्तर जुन्या मेलच्या वर लिहिलं.

काकांचा कायदाच तसा आहे. ज्या ओळीला उत्तर द्यायचं तेवढीच ठेवायची, बाकीचा जुना मेल कापून टाकायचा आणि आपलं म्हणणं त्या ओळीच्या खाली लिहायचं. तांबरमच्या एका गृहस्थांना फोन करून त्यांनी विचारलं होतं, "सांबार ओतून मग भात शोधता का हो पानात?" त्या बापड्याने फक्त गणपतीची आरती किती वाजता एवढंच लिहिलं होतं, पण वर लिहिलं होतं. जुना मेल खाली तसाच लोंबत ठेवला तर काका त्याला शेपूट म्हणतात. तंजावरकडच्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी एकदा लोणच्याचा मसाला विचारला आणि उत्तरावर उत्तर चढत शेपूट असं वाढलं की विचारू नका. काकांनी ते सगळं छापलं, कागद एकमेकांना चिकटवले, जिन्यावरून खाली सोडले आणि मला हाक मारून पोचलं का बघायला सांगितलं. पोचलं होतं, माझ्या चपलांवर उरलंही होतं.

पण सगळ्यांत मोठा गुन्हा म्हणजे 'मीसुद्धा'. एकाने लिहिलं की इतरांनी तेच पुन्हा लिहायचं नाही. कोणाची मुलगी डॉक्टर झाली तरी गटावर अभिनंदन एकच, मग ते आपल्याला लिहायला मिळावं म्हणून लोक टपून बसायचे. मला तर हे असह्य व्हायचं. वैतागून गट सोडायचो आणि काकांच्या बायकोचे, म्हणजे सुमनकाकूंचे, रव्याचे लाडू खाली आले की मुकाट्याने परत जायचो. काकू म्हणायच्या, "अरे, त्यांना माणसं हवीच असतात, फक्त रांगेत."

त्या काकू यंदा उन्हाळ्यात गेल्या. साध्या तापाचं निमित्त झालं. मी गटावर कळवलं. थोड्याच वेळात गिंडीच्या एका सभासदाचं उत्तर आलं. हवी तेवढीच ओळ ठेवलेली, खाली दोन शब्द सांत्वनाचे, अगदी नियमात. आणि मग काहीच नाही. एकाने लिहिलं ना, मग बाकीचे सगळे काकांच्या कायद्याने गप्प! अरे शहाण्यांनो, कायदा कशाचा आणि वेळ कोणती? दुसऱ्या दिवशी दुपारी मी वर गेलो तर काका संगणकासमोर उभे होते.

"एकच आलं रे," ते म्हणाले. "सगळ्यांना जेवू घालायची ती. एकालाच आठवली?"

माझं डोकंच फिरलं. खाली येऊन एकेकाला फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोललो. शिक्षिकाबाई रडायलाच लागल्या. त्यांनी कालच पानभर लिहिलं होतं, पण काकांना आवडणार नाही म्हणून पुसून टाकलं होतं.

संध्याकाळपासून मेलची रीघ लागली. घाईत कोणी काही कापलं नव्हतं. वर आपलं लिहिलेलं, खाली मी कळवलेली बातमी जशीच्या तशी, त्यात आधीच्यांच्या आठवणीही गुंतलेल्या. मी पुन्हा वर गेलो तेव्हा काका प्रत्येक मेल वरून खाली, अगदी शेवटपर्यंत वाचत होते. पुन्हा पुन्हा तीच बातमी त्यांच्या डोळ्यांसमोर येताना मला बघवेना. म्हटलं, द्या इकडे, शेपटं कापून नीट लावून देतो.

"नको," काका म्हणाले. "प्रत्येकात खाली तिचं नाव येतंय. येऊ दे."

हल्ली गटावर कोणी कसंही लिहितं आणि काका चकार शब्द काढत नाहीत. आम्हालाच चुकल्यासारखं होतं. कोणीतरी रागवावं, असं वाटत राहतं.