डावीकडं वढणारी गाडी

आपल्या मोटारीत काही बिघाड आहे हे मान्य न करण्याच्या बाबतीत माझ्या सासऱ्यांच्या तोडीचा माणूस सातारा-सांगलीच्या पट्ट्यात झाला नाही, आणि पुढेही व्हायचा नाही. एरवी माणूस मोकळा. पाटाचं दार उघडायला आपणच विसरलो आणि ऊस वाळला, हे ते चारचौघांत सांगून मोठ्यानं हसत. फौजेत एकदा परेडला सगळ्या पलटणीच्या उलट बाजूला वळले होते, तीही गोष्ट जेवताना रंगवून सांगत. फक्त मोटारीला कुणी काही म्हटलं, की पोटच्या पोरीला नाव ठेवल्यासारखा त्यांचा चेहरा होई.

ही मोटार त्यांनी पेन्शनीत आल्यावर सांगलीच्या एका डॉक्टरांकडून घेतली. सत्तर सालानंतरचे ते दिवस. इस्लामपूरजवळच्या त्यांच्या गावात ट्रॅक्टर होते, जीपा होत्या, पण घरच्या माणसांनी ऐसपैस बसून जावं अशी काळी, गुबगुबीत मोटार ही एकच. मी तेव्हा सांगलीला कॉलेजात शिकवत होतो आणि जावई म्हणून नवाच होतो. पहिल्याच फेरीत माझ्या लक्षात आलं, की रस्ता सुतासारखा सरळ असला तरी मामांचे (सासऱ्यांना मी मामा म्हणायचो) दोन्ही हात मात्र सतत उजवीकडे वळल्यासारखे तिरके धरलेले आहेत. मिशीवरून हात फिरवायला त्यांनी स्टिअरिंग जरा सैल सोडलं, की गाडी गुपचूप डावीकडच्या बाभळींकडे निघायची.

"मामा, गाडी डावीकडे ओढतेय का?" मी जपून विचारलं.

"वढत न्हाई, पाव्हणं. तिला सवय हाय. डॉक्टरांचं घर डाव्या हाताला व्हतं."

पुढच्या खेपेला मी गाडीची पुढची चाकं वाकून पाहिली. डाव्या चाकाचा टायर बाहेरच्या कडेला पार गुळगुळीत झाला होता आणि आतल्या बाजूला नक्षी नव्या टायरसारखी शाबूत होती. गाडी वळणावर घेतली की टायर किंचाळायचे, तेही मी ऐकलं होतं. पुढची दोन्ही चाकं एका रेषेत नसली की असं होतं, अलाइनमेंट करून घेतली पाहिजे, असं मी जेवायला बसल्यावर म्हणालो. मामांनी हातातला घास ताटात ठेवला. "टायर झिजतोय कारन रस्ता झिजवतोय. आवं, रस्ते ह्या लोकांनी डावीकडं उतरतं केल्यात, पानी जायाला. त्याला माझी गाडी काय करनार?" आणि ते तसेच उठून उसात गेले. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. नुसती भाकरी वाढली.

मात्र त्या दिवसापासून गाडीत बसण्याची शिस्त सुरू झाली. सासूबाई अंगानं भरलेल्या, म्हणून त्यांची जागा मागे, मामांच्या अगदी पाठीशी, उजव्या खिडकीजवळ. त्यांच्या पायाशी तांदळाचं पोतं. आपण सोबत तांदूळ का नेतो, हे कुणी विचारायचं नाही. पुढे डाव्या बाजूला मी. "पाव्हणं किडकिडीत हायती, ते एक लय बरं झालं," असं मामा कौतुकानं म्हणत. जावयाचा हा गुण एवढ्या मनापासून दुसऱ्या कुठल्या सासऱ्यानं वाखाणल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

गावातली माणसं तोवर शहाणी झाली होती. काळी मोटार लांबून दिसली, की कडेनं चालणारे लोक रस्ता सोडून शेतात उतरून उभे राहत. मामांना तो मान वाटायचा. ते स्टिअरिंगवरचा हात काढून ऐटीत रामराम घालत, आणि तेवढ्यात गाडी खरोखरच त्या माणसाकडे निघे. तो बांध ओलांडून पळे. "भिडस्त हायती लोकं," मामा म्हणत.

एकदा तासगावला त्यांच्या साडूंच्या द्राक्षबागेत जायला निघालो. सकाळची वेळ, मामा खुशीत, कवठे महांकाळकडच्या एका जुन्या फौजी दोस्ताची गंमत सांगत होते. तासगाव जवळ आलं आणि पुढून फाडकन आवाज झाला. गाडीनं एकदम डावीकडे मान टाकली. मामा दोन्ही हातांनी तिला ओढत होते, पण ती ऐकेना. चरात उतरली आणि एका अंगावर कलून थांबली. मला खरचटलंसुद्धा नाही. मागे मात्र सासूबाई डाव्या दारावर आपटल्या होत्या. उजवं मनगट छातीशी धरून त्या म्हणाल्या, "पोतं तेवढं बाजूला घ्या कुनीतरी."

बागेतल्या लोकांनी ट्रॅक्टर आणून गाडी ओढून काढली. डावा टायर बाहेरच्या कडेला फाटला होता, आतले धागे लोंबत होते. मामा त्याच्यासमोर उकिडवे बसले. त्यांनी त्या कडेवरून एकदा बोट फिरवलं.

तासगावच्या दवाखान्यात प्लास्टर घालून झालं तेव्हा मी दाराशीच उभा होतो. मामा बाकावर सासूबाईंच्या शेजारी बसले होते.

"तुला कळत व्हतं?" त्यांनी विचारलं.

"व्हय की. बैलबी एका अंगाला वढाय लागला की कळतंय, मग गाडी न्हाई का कळनार?"

"मग बोलली का न्हाईस?"

"जावई बोललं तर तुमी ताटावरनं उठला. मी बोलली असती तर गाडीच सोडून दिली असती तुमी. लय हौसेनं आनलीया." मग प्लास्टर मांडीवर टेकवत म्हणाल्या, "दुखतंय ओ."

मामांनी डोक्यावरची टोपी काढली आणि त्या टोपीकडेच बघत बसले.

त्याच आठवड्यात सांगलीच्या गॅरेजात नवा टायर आणि अलाइनमेंट दोन्ही झालं. मीही सोबत गेलो होतो. मिरज रस्त्याला लागल्यावर मामांनी दोन्ही हात हळूच स्टिअरिंगवरून उचलले. गाडी आपली सरळ. त्यांनी ती कडेला थांबवली, उतरले, पुढून पाहिलं, मागून पाहिलं, परत आत येऊन बसले. "चांगली झाली," ते म्हणाले, पण आवाज एखाद्या बदली झालेल्या माणसासारखा. "आता मला काय काम ऱ्हायलं?"

काम त्यांनी शोधलं. सासूबाईंच्या हाताला प्लास्टर होतं तोवर त्यांना घरात काही करता येईना, नुसत्या बसून त्या कंटाळत. म्हणून मामा त्यांना पुढच्या सीटवर बसवून दुपारचे फिरवून आणू लागले. प्लास्टर निघालं तरी ते चालूच राहिलं. बाजार नाही, देव नाही, पाव्हणेरावळे नाहीत. कधी कृष्णेच्या पुलापर्यंत, कधी कऱ्हाडच्या बाजूला, आणि परत. हाती काहीएक न घेता यायचे. त्यांची सून चहा टाकता टाकता विचारायची, "कुठं गेला व्हता?" तर दोघंही "हितंच" म्हणायचे.

मी एकदा सासूबाईंना विचारलं, "इतका वेळ गाडीत तुम्ही बोलता तरी काय?"

"काय न्हाई," त्या म्हणाल्या. "ते गाडी चालवत्यात, आनि मी बघती."

"रस्ता?"

त्या पदर सावरत हसल्या. "रस्ता कशाला बघू?"

आता दोघंही नाहीत. इस्लामपूरच्या रस्त्यानं दुपारी कधी जावं लागलं आणि मागून एखादी गाडी अगदी सावकाश येताना दिसली, पुढे दोन म्हातारी माणसं बसलेली, तर मी माझी कडेला घेतो. त्यांना घाई नसते, हे मला ठाऊक आहे. तरीही त्यांना आधी जाऊ देतो, आणि उसाच्या वळणाआड दिसेनाशी होईपर्यंत बघत राहतो.