साइट लागलेली आहे

साळवेमामा जिना चढून ऑफिसात आले की चपला काढायच्या आधी घसा साफ करायचे. मग संगणकासमोर बसून आमची साइट उघडायचे आणि नाकातून, शब्द लांबवत म्हणायचे, "लक्ष द्या. देवगाव रंगारी, गंगापूर, करमाडकडे जाणारी साइट लागलेली आहे, लागलेली आहे, लागलेली आहे." खोलीत मी एकटाच असायचो. खाली रंगाच्या दुकानात मात्र आवाज जायचा. एकदा एक बाई पिशव्या घेऊन वर आली आणि कन्नडची गाडी गेली का म्हणून विचारू लागली. मामांनी तिला गाडीची वेळ सांगितली, पाणी दिलं आणि जिन्यापर्यंत सोडलं.

मामांची सारी नोकरी एसटी स्टँडवर, वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीत गेली. निवृत्त झाल्यावर ते आमच्या संस्थेत आले. संस्थेचं काम एवढंच, की रक्त हवं असेल त्याने साइटवर मागणी टाकायची, आणि जिल्ह्यातल्या त्या गटाच्या दात्यांना आपोआप मेसेज जायचा. अध्यक्ष मी. साइट चालू आहे का, वेगाने उघडते का, हे पाहणं मामांकडे. मामा गेल्या वर्षी झोपेतच गेले. आमच्या वार्षिक अंकात मात्र त्यांच्याविषयी एक ओळ अजून छापली जाते: 'संस्थेच्या साइटने स्वतःच्या सेवकाचेही प्राण वाचवले.' ती ओळ माझी आहे. ती खोटी आहे, आणि मामांना ती मुळीच मान्य नव्हती.

साइट आणि तिचे मेसेज पुण्याची एक कंपनी चालवायची; साइटवर लक्ष ठेवायला तिचं एक यंत्रही होतं. ते दर थोड्या वेळाने 'सर्व ठीक' असा मेसेज पाठवायचं. मामांचा त्याच्यावर काडीचा विश्वास नव्हता. "साहेब, गाडी डेपोतून सुटली म्हंजी गावात पोचली, असं व्हतं का? मधी टायर बसतो, डायव्हर च्याला उतरतो. त्या मशीनला काय दिसतंय?"

मामांच्या सगळ्याच कल्पना अशा शहाण्या नसायच्या. साइट बंद पडली तर लोकांना कळलं पाहिजे, म्हणून 'साइट बंद आहे, गैरसोयीबद्दल क्षमस्व' अशी पाटी साइटवरच लावावी, असा ठराव त्यांनी बैठकीत मांडला. अक्षर केवढं असावं यावर बराच वाद झाला आणि ठराव एकमताने मंजूर झाला. साइट बंद असताना ती पाटी कुणाला दिसणार, हे आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. मी सही केली.

मग एक दिवस मामा म्हणाले, "नुसती उघडून भागत नाय. शेवटच्या थांब्यापर्यंत गेली का ते बघाया पायजे. रोज एक खोटी मागणी टाकू का?" मी कसलं तरी निवेदन लिहीत होतो. मान वर न करता म्हणालो, "टाका."

मामांनी हे काम करमाडच्या शकीलभाईवर सोपवलं. जालना रोडवर त्याचं चहाचं हॉटेल. सकाळी पहिला चहा ठेवला की तो मागणी टाकायचा: पेशंट शकील, प्रकृती एकदम मस्त, गट बी निगेटिव्ह. गट मामांचा होता. दुसरा कुठला त्यांना पाठ नव्हता. आधण उकळायच्या आत मेसेज मामांच्या मोबाइलवर यायचा आणि त्यांचा त्याला फोन जायचा, "करमाड, पोचली."

मागणी खोटी असली तरी मेसेज खऱ्या दात्यांना जायचे. बी निगेटिव्हवाले आधीच मोजके. त्यातला शेंद्र्याच्या कारखान्यातला एक जण शर्टाची बाही वर करूनच हॉटेलात शिरला. "पेशंट कुठंय?"

"मैंच हूं," शकीलभाई म्हणाला. "बैठो. चाय पिओ."

तो चिडला, पण चहा प्यायला. दुसऱ्या दिवशी दुसरा आला, आठवड्याने पहिला पुन्हा आला, रक्त द्यायला नव्हे, भजी खायला. होता होता जिल्ह्यातले सगळे बी निगेटिव्ह करमाडला एका बाकावर जमू लागले. ज्यांना करमाड लांब पडायचं, त्यांनी मात्र माझ्याकडे तक्रारी केल्या. मी पुण्याला कळवलं, की गोंधळ निस्तरेपर्यंत सगळेच मेसेज बंद ठेवा. मामांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर अख्खी दुपार त्यांची समजूत काढण्यात गेली असती.

दुसऱ्याच पहाटे मामांच्या पोटातला व्रण फुटला. रक्ताची उलटी झाली. दवाखान्यात बी निगेटिव्ह शिल्लक नव्हतं. त्यांची मुलगी वनिता फोन करायला लागली तर खाटेवरून त्यांनी तिचा हात धरला. "कुणाला फोन करू नको. साइट हाय ना. आपणच इश्वास नाय ठेवला तर लोक का ठेवतील?" तिने मागणी टाकली. ती कुठेच गेली नाही. पुण्याच्या यंत्राने मला 'सर्व ठीक' कळवलं.

शेवटी वनिताने बापाच्या नकळत मला फोन लावला. "काका, मागणी टाकून लई वेळ झाला, कुणीच येईना." रिक्षा करून मी दवाखान्यात पोचलो, तर दारात करमाडची जीप उभी आणि आत बाकावर बाह्या वर केलेली ती सगळी मंडळी.

"तुला कुणी सांगितलं?" मी शकीलभाईला विचारलं.

"किसी ने नै, साहब. चाय उकळी, उतू गेली, मामा का फोन नै आया. मैं समझा, बंद पडली. साइट नै, मामा. फोन लगाया तो वनिता रो रही थी."

रक्त चढलं. संध्याकाळी मामांनी डोळे उघडले आणि पहिला प्रश्न विचारला, "मागणी साइटवरून पोचली का?"

शकीलभाईने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "साइटवरूनच, मामा."

मामांनी घसा साफ केला आणि तशा अवस्थेत साऱ्या वॉर्डाला ऐकवलं, साइट लागलेली आहे, लागलेली आहे, लागलेली आहे. समोरच्या खाटेवरचे आजोबा उठून पिशवी शोधू लागले. नर्स दोघांनाही रागावली.

महिन्याभराने ऑफिसच्या जिन्यात मामांनी मला थांबवलं. "साहेब, शकीलला बी विचारलं, साइटवरूनच म्हणाला, पर खोटं बोलताना त्यो कान खाजवतो. त्या दिवशी बंद व्हती ना?"

"बंद होती. मीच मेसेज बंद करायला लावले होते."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. "मंग अंकात तसं लिहा. गाडी आली नसंल तर आली नाय म्हणायचं. लोक फलाटावर बसून ऱ्हात्यात, साहेब." मी म्हणालो, पुढच्या अंकात लिहितो. दर वर्षी ते विचारायचे, दर वर्षी मी तेच सांगायचो. त्या ओळीमुळे आम्हाला सत्कार मिळाला होता, शाल मिळाली होती.

आता मी घसा साफ करतो. लक्ष द्या. त्या दिवशी आमची साइट बंद होती, बंद होती, बंद होती. गाडी करमाडहून आली होती.