मावशी जोड्या जमवते

माझ्या दुकानात येणारं गिऱ्हाईक आधी मला नमस्कार करतं आणि मग माझ्या खांद्यावरून मागे बघत विचारतं, "मावशी आहेत का?" दुकान माझं, पाटीवर नाव माझं, हेडफोन आणि अ‍ॅम्प्लिफायर विकून मला बावीस वर्षं झाली. तरी प्रश्न ठरलेला. सुरुवातीला हे मला टोचायचं. आता मी छाती फुगवून सांगतो, "आहेत ना. बसा, बोलावतो."

ही माझी सख्खी मावशी, आईची धाकटी बहीण. वय पासष्ट, उंची पाच फुटांना जरा कमी, चष्मा दोरीने गळ्यात लोंबणारा. मी सेहेचाळीसचा, डोक्यावर केस मोजकेच उरलेत, पण चारचौघांत ती मला 'छोट्या' म्हणूनच हाक मारते. दुकानाच्या मागच्या खिडकीपाशी तिचं टेबल आहे. त्यावर एक मीटर, एक सोल्डरिंग गन, वायरींचं भेंडोळं आणि काकांनी घरून दिलेला चहाचा थर्मास. काका म्हणजे तिचे यजमान, भूगोलाचे निवृत्त मास्तर. ते घर सांभाळतात, मावशी माझं दुकान सांभाळते.

त्याआधी चौतीस वर्षं तिने एका मोठ्या हॉस्पिटलात काढली. डॉक्टर म्हणून नाही की नर्स म्हणूनही नाही. तळघरात यंत्रदुरुस्तीचा विभाग होता, तिथे. नऊ पुरुष आणि ही एकटी. कान तपासायच्या खोलीतली यंत्रं तिच्या ताब्यात होती. त्या खोलीच्या भिंतींना जाड फोम, दार एखाद्या फ्रिजसारखं धप्पकन लागणारं. आत पेशंट हेडफोन घालून बसायचा, बारीकसा 'टूंऽ' ऐकू आला की बटण दाबायचा, आणि बाहेर डॉक्टर त्याचा आलेख काढायचे. यंत्र खोटं बोललं तर आलेखही खोटा. म्हणून मावशी दर सोमवारी सकाळी, पेशंट यायच्या आधी, प्रत्येक यंत्र मोजून बघायची. वीज वायरीतून जाताना तिला किती अडथळा होतो त्याचं माप म्हणजे ओहम. तो शब्द तिच्या तोंडात इतका असायचा की हॉस्पिटलभर तिचं नाव 'ओहमबाई' पडलं. एका नव्या नर्सला तर वर्षभर वाटत होतं, की बाईंचं आडनावच ओहम आहे.

एकदा कागद लावून ठेवताना तिच्या लक्षात आलं, की त्या आठवड्यात सात जणांचे आलेख अगदी एकसारखे आलेत. सगळ्यांना एकाच पट्टीतले सूर कमी ऐकू येतायत. तिला ते खटकलं. सात वेगळी माणसं, कुणी शिंपी, कुणी गवंडी, आणि सगळ्यांचा बहिरेपणा एकाच मापाचा कसा शिवलेला? ती तडक वर गेली. बघते तर काय, साफसफाईच्या वेळी दोन यंत्रांचे हेडफोन अदलाबदल झाले होते. दिसायला जुळे भाऊ, पण एकेक हेडफोन त्या त्या यंत्राबरोबर मोजून जुळवलेला. या यंत्राचा त्या यंत्राला लावला की दोघंही खोटं बोलणार.

तिने प्लग काढला, खोलीला कुलूप ठोकलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली.

विभागप्रमुख धावत आले. "अहो बाई, बाहेर चाळीस माणसं बसलीत!"

"बसू दे सर. चुकीचं सांगून घरी पाठवण्यापेक्षा उशीर झालेला बरा."

"मी वरपर्यंत तक्रार करीन."

"करा. तोवर मी मोजून घेते."

दुसऱ्या दिवशी त्या सात जणांना परत बोलावलं. पाच जणांचे कान ठणठणीत निघाले. त्यांतला एक बसचा ड्रायव्हर होता. त्या कागदावरून त्याला गाडीवरून उतरवणार होते. आठ दिवसांनी तो गणवेशातच तळघरात आला, दारात उभा राहिला. शेवटी म्हणाला, "बाई, तुमचं सगळं मला स्पष्ट ऐकू येतंय," आणि निघून गेला. मावशी तोवर एक शब्दही बोलली नव्हती. हा किस्सा सांगताना ती अजून हसते.

निवृत्त झाल्यावर पंधरा दिवसांत ती माझ्या दुकानात हजर झाली. म्हणाली, "घरात बसून मी काय भिंतींचे ओहम मोजू? तुझ्याकडे मोडकंतोडकं असेल ते दे." मी म्हटलं, येऊ दे, तेवढाच म्हातारपणी विरंगुळा. खोटं कशाला बोलू, मनात हेच होतं.

तेव्हा माझी विकायची रीत सोपी होती. महाग हेडफोनला महाग अ‍ॅम्प, म्हणजे त्याला आवाज पुरवणारा अ‍ॅम्प्लिफायर, मधल्याला मधला. गिऱ्हाईक खूश, मीही खूश. मावशी मागून ऐकत असायची. एकदा दुपारी तिने विचारलं, "छोट्या, तू अ‍ॅम्प हेडफोन बघून देतोस, की माणसाचे बूट बघून?" मी हसण्यावारी नेलं.

मग एक दंतवैद्य आले. वडिलांचा पंचाहत्तरावा वाढदिवस होता, वडील संगीतातले, तेव्हा दुकानातलं उत्तमातलं उत्तम हवं होतं. मी त्यांना सर्वांत महाग हेडफोन दिला आणि त्याच्याबरोबर माझ्या काचेच्या कपाटातला राजा. जुन्या पद्धतीचा, व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प. चालू केला की काचेच्या नळ्या लालसर पेटतात, बघणारा तिथेच विरघळतो. दंतवैद्य विरघळले.

चौथ्या दिवशी वडील स्वतः खोकं घेऊन आले. उंच, खांद्यात किंचित वाकलेले. डाव्या हाताच्या बोटांची टोकं चामड्यासारखी जाड. त्यांनी खोकं काउंटरवर ठेवलं.

"हे परत घ्या."

"का हो? काही बिघडलं का?"

"बिघडलं काहीच नाही. फक्त मी यात सापडत नाही."

मला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं. एकतीस वर्षं ते रेकॉर्डिंगच्या वाद्यवृंदात डबल बास वाजवत होते. डबल बास म्हणजे माणसापेक्षा उंच व्हायोलिन म्हणा ना, उभं राहून वाजवायचं, सगळ्यांत खालच्या सुरांचं. जागा कायम शेवटच्या रांगेत. एका ध्वनिमुद्रणात व्हायोलिनं वर तरंगत असताना खाली आठ सुरांची एक ओळ एकट्या त्यांची होती. ते मुद्रण त्यांनी सोबत आणलं होतं.

"आठ सूर आहेत, आठ. एकेक पायरी उतरावी तसे. या तुमच्या हेडफोनमधून नुसतं घूंऽऽ येतं. लगदा झालाय त्यांचा."

मी माझी दुकानदारी सुरू केली. "रेकॉर्डिंग जुनं आहे काका. आणि तुम्हाला याहून ताकदीचा अ‍ॅम्प दाखवू का?"

त्यांनी खोकं माझ्याकडे आणखी जरा सरकवलं. तेवढ्यात मावशी चष्मा पुसत पुढे आली.

"मी ऐकू का जरा?"

तिने हेडफोन चढवला, डोळे मिटले आणि तो भाग चार वेळा ऐकला. मग म्हणाली, "खालचा आवाज जास्त आहे. असायला हवा त्याहून जास्त. म्हणून तुम्ही बुडालात. सामान इथे राहू द्या आणि उद्या या. येताना मुलालाही आणा."

ते गेल्यावर तिने दोन्ही वस्तू टेबलावर घेतल्या. अ‍ॅम्पला हेडफोन लावला आणि त्याच वायरीवर मीटर. आधी उंच सूर सोडला, मीटरने अर्धा व्होल्ट दाखवला. मग कुठल्याही बटणाला हात न लावता खालचा, घुमणारा सूर सोडला. काटा चढला, पाऊण व्होल्टाच्याही पुढे गेला.

"बघितलंस? सांगितलं होतं दोन्ही सुरांना सारखं वाढ, आणि हा एकाच्या ताटात दीडपट वाढतोय."

"म्हणजे अ‍ॅम्प खराब?"

"खराब कशाने? चांगल्या घरचा आहे. पण त्याच्या स्वतःच्या पोटातच शंभर ओहम आहेत. याच्यापुढे तीनशे ओहमचा हेडफोन हवा, मग तो सरळ वागतो. हा हेडफोन साठाचा. शिवाय खालच्या सुरांना याचे ओहम आपोआप वाढतात. दोघंही गुणी, पण जोडी जमली नाही." तिने हेडफोनच्या आतल्या पातळ पडद्याकडे बोट दाखवलं. "हा हलतो तेव्हा आवाज होतो. तो हलवणं सोपं रे. वेळेवर थांबवणं कठीण. ज्याच्या पोटात ओहम जास्त, त्याची पकड ढिली. पहिला सूर थांबायच्या आत दुसरा येऊन आदळतो."

मग ती खाली वाकली आणि सर्वांत खालच्या फळीवरून एक करड्या रंगाचा डबा काढला. पुढे एकच बटण. किंमत त्या राजाच्या पाव हिश्श्याची.

"मावशी, हा? हा मी ऑफिसवाल्यांना देतो! पंचाहत्तरीच्या भेटीला हा टिनपाट डबा? दुकानाची अब्रू जाईल."

"मग अब्रूला हेडफोन घाल आणि विचार तिला, कुठला बरा वाजतो."

तिने मीटर लावलं. उंच सुराला अर्धा व्होल्ट, खालच्यालाही अर्धाच. काटा जागचा हलला नाही. माझे कान गरम झाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बापलेक आले. मावशीने दोन्ही अ‍ॅम्प आधीच एका टेबलक्लॉथखाली झाकून ठेवले होते आणि मीटर लावून दोघांचा आवाज सारखा करून घेतला होता. "जोरात वाजलं की माणसाला चांगलंच वाटतं," ती म्हणाली. "ती फसवाफसवी नको."

वडील खुर्चीत बसले. पहिल्या वेळी त्यांनी नुसती मान हलवली. मावशीने कापडाखाली हात घालून वायर बदलली. दुसऱ्या वेळी ते आधी तसेच बसून राहिले. मग त्यांचा डावा हात हळूहळू वर आला, मानेपाशी गेला, आणि हवेतल्या हवेत बोटं दाबायला लागला. एक, दोन, तीन... मी मनात मोजत होतो. आठव्यांदा बोट दाबून झालं आणि ते मोठ्याने म्हणाले, "हा! हा मी!" कानांवर हेडफोन असल्यामुळे किती मोठ्याने, ते त्यांना कळलं नाही. रस्त्यावरून चाललेली दोन माणसं थांबून आत बघायला लागली.

त्यांनी हेडफोन काढून मुलाच्या डोक्यावर चढवला. "ऐक."

"यात कुठला तुम्ही, बाबा?"

वडिलांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांना आता काहीच ऐकू येत नव्हतं, पण मावशीने पुन्हा सुरुवातीपासून लावलं तेव्हा ते मनातल्या मनात मोजत राहिले आणि बरोबर जागेवर मुलाच्या खांद्यावर बोटं वाजवायला लागले. दंतवैद्यांचा चेहरा बदलत गेला. तिसऱ्या-चौथ्या बोटाला त्यांनी वडिलांकडे वळून बघितलं.

"बाबा, हे तुम्ही?"

"मग काय शेजारचे?"

दंतवैद्यांनी तो भाग परत लावायला सांगितला. मग आणखी एकदा. मग त्यांनी हेडफोन उतरवून हातात धरला. "शाळेत मुलं विचारायची, तुझे बाबा काय वाजवतात?" ते म्हणाले. "मी सांगायचो, मागे उभे असतात. मला खरंच कधी ऐकूच आलं नव्हतं."

वडील नाक शिंकरायला म्हणून खिडकीपाशी गेले, ते जरा वेळाने आले.

मावशीने कापड ओढलं. करडा डबा बघून दंतवैद्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या क्षणी दहा सबबी माझ्या तोंडाशी आल्या होत्या. पण मावशी शेजारी उभी होती. मी म्हणालो, "डॉक्टर, चूक माझी. मी किंमत बघून जोडी लावली. मावशीने मोजून लावली." काचेचा राजा मी परत कपाटात ठेवला. दोन महिन्यांनी मावशीनेच त्याच्यासाठी एक तीनशे ओहमचा हेडफोन निवडला, आणि आमच्याकडची ती एक फार देखणी जोडी ठरली. आज ती एका अनुवादक बाईंच्या घरी सुखाने नांदतेय.

पुढे वडिलांनी आपल्या जुन्या सोबत्यांना सांगितलं असावं, कारण एकेक वादक येऊ लागला. कुणी व्हायोलिनवाला, कुणी बासरीवाला, बगलेत आपापली रेकॉर्डिंगं. मग ज्या स्टुडिओत ते सगळे वाजवायचे तिथून बोलावणं आलं. त्यांच्याकडच्या अकरा हेडफोनांत प्रत्येकाला वेगळंच ऐकू येतंय, म्हणाले. मावशी मीटर घेऊन गेली, पिशवी उचलायला मी. दोन दिवसांत तिने अकराच्या अकरा मोजून जोड्या लावून दिल्या. आता माझ्या दुकानातही प्रत्येक हेडफोनला तिच्या अक्षरातली चिठ्ठी लटकते: याला कोण चालेल, कोण चालणार नाही. खिसा बघून विकायची माझी सवय त्या चिठ्ठ्यांनी मोडली. दुकान काही बुडालं नाही, उलट माणसं लांबून येतात.

गेल्या महिन्यात अ‍ॅम्प आयात करणाऱ्या एका कंपनीने तिला विक्रेत्यांना शिकवायला बोलावलं. मोठं सभागृह, साठेक विक्रेते, बहुतेक सगळे तिच्या निम्म्या वयाचे. मावशी पायाखाली छोटं स्टूल घेऊन उभी राहिली, कारण नाहीतर ती माईकमागे दिसलीच नसती. पहिल्या पाच मिनिटांत एकाने हात वर केला.

"मॅडम, सगळ्यांत चांगला अ‍ॅम्प कुठला?"

"कुणासाठी?" मावशीने विचारलं.

त्याने हात खाली घेतला. सभागृह हसलं. मग वह्या उघडल्याचा आवाज आला, आणि पुढचे दोन तास कुणी मोबाइलला हात लावला नाही. शेवटी शेवटी माझ्या शेजारच्या तरुणाने माझ्याकडे झुकून विचारलं, "कोण आहेत हो या?"

"माझी मावशी," मी म्हणालो. जरा जोरातच म्हणालो असेन, कारण पुढच्या दोन रांगांनी वळून बघितलं, आणि माईकवरून आवाज आला, "मागे कोण बोलतंय? शिकायला आलात ना? मग आवाज कमी."