भिंतीकडं तोंड केलेला कॅमेरा

"तोंड तिकडं."

दुकानाच्या पायरीवर पुरुष माणूस दिसला की मशीनवरचा पाय न थांबवता मावशी एवढंच म्हणायची. बायकोसोबत आलेला नवरा असो की वीज-मीटर पाहायला आलेला माणूस, तो निमूट रस्त्याकडं तोंड करून उभा राहायचा. एकदा एका नवरीचे आजोबा म्हणाले, "बाई, मी तुमच्या बापाच्या वयाचा." मावशी म्हणाली, "माहा बाप असता तं तोही तिकडंच पाहून रायला असता."

अशी एखादी शिंपीण तुमच्याही गल्लीत असेल. गोंदियातल्या आमच्या गल्लीतली ही मावशी तुम्हाला सांगता येईल का, याची मला खात्री नाही. पण मी तिच्या घरात दोन वर्षं राहिले, आणि तिचं एक नुकसान माझ्यामुळं झालं, म्हणून प्रयत्न करते.

समोरच्या खोलीत दुकान, त्यात माप घ्यायला एका कोपऱ्यात पडदा, आणि मागच्या खोलीत मी. माझं गाव सौंदडजवळ. घरात दहावीच्या पुढं कोणी गेलेलं नव्हतं. कॉलेजसाठी खोली शोधत बाबा आणि मी फिरत होतो तेव्हा मावशीनं बाबांना पायरीवर रस्त्याकडं तोंड करून उभं केलं आणि आत मला विचारलं, "लग्न टाळाले आली का शिकाले?" मी म्हटलं, शिकायला. ती म्हणाली, "पाहू."

तिचा कशावरच विश्वास नव्हता. कुलूप लावलं की तीनदा ओढायची, मग गल्लीच्या टोकावरून परत येऊन चौथ्यांदा ओढायची. दोऱ्याच्या नव्या रिळावर लिहिलेली लांबी तिला खोटी वाटायची. पहिल्या सेमिस्टरला मला बासष्ट मार्क पडले, ते मी आनंदानं सांगितलं, तर म्हणाली, "कितीपैकी?"

तिच्या मापाच्या वहीत एकाही बाईचं नाव नव्हतं. प्रत्येक पानावर आकडे आणि शेजारी टाचणीनं टोचलेली त्या बाईच्या ब्लाउजची चिंधी. मी विचारलं तेव्हा तिनं सांगितलं, की लहानपणी ती एका टेलरच्या दुकानात काज-बटणं करायला बसायची. तिथले कारागीर बायांची मापं नावासकट मोठ्यानं वाचायचे आणि हसायचे. "नाव लिवलं का कोनीही वाचते. चिंधी फक्त मलेच वाचता येते."

दर दोन-तीन महिन्यांनी एखाद्या रविवारी एक मास्तरीणबाई यायच्या. त्यांच्या छातीच्या एका बाजूचं ऑपरेशन झालेलं होतं. मावशी त्यांच्या ब्लाउजच्या आत एक गादी शिवून द्यायची, कापूस आणि मोहरी भरलेली. "नुसता कापूस नाही चालत. दोनी बाजूचं वजन सारखं पाह्यजे, नाही तं खांदा वाकडा होते," ती म्हणायची. त्या आल्या की दुकानाचं दार आतून लागायचं. त्यांच्या शाळेत, शेजारी, कोणालाच हे माहीत नव्हतं. मला माहीत होतं, कारण माझा दरवाजा दुकानातच उघडायचा.

मागच्या लग्नसराईत एका नवरीच्या आईनं दिलेले टसर रेशमाचे तीन ब्लाउजपीस टेबलावरून चोरीला गेले. आठवडाभर मावशी सगळ्यांकडं संशयानं पाहत होती. मग एका दुपारी माझ्या खोलीत आली.

"तुही पेटी उघडून दाखव."

मी उघडली. तिनं प्रत्येक कपडा झटकून पाहिला, नंतर प्रत्येकाची घडी माझ्याहून चांगली घालून परत ठेवली.

"राग आला?"

"नाही."

"येऊ दे ना. मले आला असता." मग म्हणाली, "कॅमेरा लावू. मंग तुही पेटी पाहाचं काम नाही."

बाजारात आम्ही दोघी गेलो. महागाचं काही घ्यायचं नव्हतं, पण स्वस्ताचाही तिला भरोसा नव्हता. दुकानदारानं हातात मावेल एवढा, अंड्यासारखा पांढरा कॅमेरा काढला.

"मौसी, ये घूमता भी है. पूरा कमरा दिखेगा."

"पुरा कमरा कायले पाह्यजे? मले टेबल पाह्यजे."

"अंधेरे में भी दिखता है."

"अंधेरे में मैं सोती हूँ. तो दिखता किसको है?"

"आपको ही. मोबाइल पे."

"अन् कंपनीले?"

"कंपनी के पास इतना टाइम कहाँ है, मौसी."

मावशी माझ्याकडं वळली. "आयकलं? टाइम नाही म्हनून पाहत नाही. म्हंजे पाहू शकते."

दुकानदार हसला, पण त्यानं नाही म्हटलं नाही. न फिरणारा कॅमेरा आहे का, असं तिनं विचारलं. तो संपला होता, पुढच्या आठवड्यात येणार होता. इकडं टेबलावर अकरा लग्नांचे कपडे पडलेले. शेवटी तिनं फिरणाराच, पण मेमरी कार्डाचा घेतला, म्हणजे चित्र घरातल्या घरात राहील. कार्ड असलं तरी फोनवर चित्र दिसतंच, हे मी सांगितलं. ते बाहेर कुठं जातं का, हे मात्र मला नक्की माहीत नव्हतं. तिनं विचारलं तेव्हा मी नुसती 'नाही' अशी मान हलवली. कॉलेजात जाणाऱ्या मुलीला माहीत असेल असं तिला वाटत होतं, आणि तिला तसं वाटलेलं मला आवडत होतं.

मावशीकडं बटणांचा फोन. वायफाय तिनं माझ्यासाठी आणि माझ्याआधीच्या भाडेकरू मुलीसाठी घेतलेलं होतं. म्हणून ॲप माझ्या फोनवर टाकायचं ठरलं. टाकण्याआधी तिनं विचारलं, "तुहा फोन कोन कोन हाती घेते?"

"कोणी नाही."

हे खोटं होतं. आमच्या घरी स्मार्टफोन एकच, तो माझ्याजवळ. मी रविवारी गावी गेले की तो सगळ्यांचा व्हायचा. बाबा बाजेवर बसून त्यावर दंडारीचे, आमच्याकडच्या लोकनाट्याचे, व्हिडिओ पाहायचे. त्यांना जमत नाही म्हणून मी लॉकसुद्धा काढून टाकलं होतं. पण एका घरात एकच फोन, हे मला तिच्यासमोर म्हणवेना.

कॅमेरा कपाटावर बसला. मावशीनं नियम केला. ती बाहेर जाईल तेव्हा त्याचं तोंड टेबलाकडं, दुकान चालू असेल तेव्हा भिंतीकडं. मी म्हटलं, "मावशी, मी फोनवरूनच त्याला बंद करत जाईन, एक बटण आहे."

"त्याचं झोपनं-उठनं तुह्या हाती कायले देऊ? मी सोता फिरवीन."

आणि ती रोज सकाळी स्टुलावर चढून, त्याचं डोकं दोन बोटांनी धरून भिंतीकडं वळवायची. वळवताना म्हणायची, "तोंड तिकडं." येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगायची, "वर कॅमेरा आहे. भिंतीकडं पाहून रायला. पटत नसन तं कपडा घेऊन जा." बहुतेक जणी हसल्या. एक जण खरंच कपडा घेऊन गेली. मावशी म्हणाली, "शहानी आहे थे."

दोन आठवडे काहीच झालं नाही. कापड गेलं नाही, चोरही दिसला नाही.

मग तो रविवार. मी गावी होते, आईसोबत चुलीपुढं. अंगणातून बाबांनी मला आवाज दिला, "माय, हे का दाखवून रायलं?" दंडार चालू असताना वर एक सूचना आली, आणि वर काही आलं की बाबा बोट लावतात, तसं त्यांनी लावलं. मी गेले. फोनवर मावशीचं दुकान होतं. मावशीच्या हातात टेप होता आणि समोर मास्तरीणबाई होत्या. पडदा ओढलेला होता, पण कपाटाच्या उंचीवरून पडद्याच्या आतलं दिसत होतं.

त्यापुढचं मी लिहिणार नाही.

बाबांनी फोन बाजेवर पालथा ठेवला. हौदाशी जाऊन तोंड धुतलं. मग माझ्याकडं न पाहता म्हणाले, "ते बंद कर." जरा वेळानं, मी काही विचारलं नसताना म्हणाले, "मी काही पाह्यलो नाही." जेवायला ते सगळ्यांच्या मागून बसले.

सोमवारी परतीच्या गाडीत मी सगळा हिशेब मनात केला, खरं सांगायचं तर फक्त माझ्या बाजूचा. बाबा कोणाला सांगणार नव्हते. मास्तरीणबाईंना कळणार नव्हतं. मी गप्प राहिले तर खोली राहील, परीक्षा होईल. बोलले तर पहिला प्रश्न येईल, की बाबांच्या हातात तुझा फोन कसा. गोंदिया येईपर्यंत मी गप्प राहायचं ठरवलं होतं. खोलीवर पोहोचले तर मावशी सुईत दोरा ओवत होती, आणि तिनं मला नेहमीसारखंच विचारलं, "बाप बरा आहे ना तुहा?"

मी म्हटलं, "मावशी, काल कॅमेऱ्याचं तोंड इकडं होतं."

तिनं सुई खाली ठेवली. कपाटाकडं पाहिलं.

"लाइट गेली होती काल," ती हळू म्हणाली. "आली तं गरगर फिरला. मले वाटलं सोताले तपासून रायला, होईन उभा जागेवर. तेवढ्यात मास्तरीनबाई आल्या." तो फिरून पुन्हा टेबलाकडंच येऊन थांबतो, हे तिला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. "कोनं पाह्यलं?"

"बाबांनी. आणि मी."

"तू म्हनली होती, कोनी हाती घेत नाही."

"घरी एकच फोन आहे, मावशी."

"मंग एकच आहे म्हनून सांगाले काय झालं होतं?"

"लाज वाटली."

मग म्हणाली, "तुले लाज वाटली, अन् मले वाटलं मी लय हुशार. मेलेल्या वस्तूले तोंड फिरव म्हनून सांगत होती." तिनं स्टूल ओढलं आणि कॅमेऱ्याची वायरच उपटली.

दुसऱ्या दिवशी ऐन सराईत दुकान बंद ठेवून ती मला घेऊन एसटीत बसली. मास्तरीणबाईंचं गाव नवेगाव बांधच्या पलीकडं. वाटेत तिनं एकच सांगितलं, "तू सांगशील. मी सांगितलं तं ते दुसऱ्याच्या तोंडचं होते."

बाईंनी चहा ठेवला होता. मी सांगायला लागले तेव्हा त्यांनी उठून गॅस बंद केला आणि उभ्यानंच ऐकलं. मग हात पुढं केला. मी फोन दिला. सूचनेसोबत फोनात येऊन राहिलेला तुकडा त्यांनी स्वतः पाहिला, पूर्ण. मग स्वतः पुसला.

"आणखी कुठं गेलं नाही ना हे?"

"मला वाटतं, नाही."

"वाटतं?"

मावशीनं रुमालातून कॅमेऱ्याचं कार्ड काढलं आणि पिशवीतून कापडाची कात्री. त्या कात्रीनं ती मला कधी कागदाचा कपटासुद्धा कापू द्यायची नाही, धार जाते म्हणून. ती तिनं बाईंच्या हातात दिली. कार्डाचे दोन तुकडे झाले. कात्रीच्या पात्याला बारीक खाच पडली, ती मला दिसली. मावशीनं तिकडं पाहिलं नाही.

दारात बाई म्हणाल्या, "मावशी, तुम्ही आलात, हे बरं केलंत. पण पुढचे ब्लाउज मी नागपूरला शिवून घेईन."

"हो," मावशी म्हणाली. चपला घालून दोन पावलं गेली आणि वळली. "त्याईले सांगा, वजन दोनी बाजूले सारखं पाह्यजे."

परत येताना एसटीत जागा असून ती माझ्याजवळ बसली नाही, पुढच्या बाकावर बसली. गोंदिया जवळ आल्यावर मान न वळवता म्हणाली, "तू दुसरी खोली पाह्य."

"चिडलात का, मावशी?"

"चिडली असती तं पेटी रस्त्यावर ठेवली असती. आता बाया विचारतीन, मांगच्या खोलीत कोन राहते, तिच्याजवळ काय आहे. मी त्याईले काय सांगू?"

टसरचे पीस कोणी नेले, ते आजवर कळलं नाही.

मला रेल्वे लाइनच्या पलीकडं एक खोली मिळाली. मी पेटी बांधली त्या सकाळी मावशी सोबत यायला तयार होऊन उभी. मी नको म्हटलं नाही. नव्या घरमालकाला तिनं नमस्कारही केला नाही. आधी खोलीचं छत पाहिलं, मग पंख्याची वाटी, मग बल्बचं होल्डर. खिडकीची कडी लावून बाहेरून ढकलून पाहिली. घरमालक वैतागला.

"इतना शक, मौसी?"

"शक मैं करती हूँ. रहना इसको है."

न्हाणीच्या दाराला खिळा निघून गेल्याचं एक भोक होतं, करंगळी जाईल एवढं. तिनं त्याला डोळा लावून आतून पाहिलं, बाहेर येऊन पाहिलं. मग पिशवीतून एक हिरवी चिंधी काढली, तिची घट्ट वळी केली आणि अंगठ्यानं दाबत दाबत भोकात ठासली. बाहेर आलेलं टोक कापून टाकलं. "अभ्यास कर," म्हणाली आणि जिना उतरून गेली.

त्यानंतर ती मला भेटलेली नाही. मी एकदा त्या गल्लीच्या टोकापर्यंत गेले होते, मशीनचा आवाज येत होता, पण पुढं जायचा धीर झाला नाही.

नव्या खोलीतल्या त्या पहिल्या सकाळी आंघोळीला गेले तेव्हा कडी लावल्यावर मी ती चिंधी नखानं ओढून पाहिली. ती जराही हलली नाही.