पंधरा नंबरचं गाणं

बुधवारी रात्री आठ ते नऊ या वेळात आमच्या कामरगावात कुणाला मरायचं असेल, तर त्यानं जरा नऊपर्यंत दम धरावा, अशी सगळ्यांची अपेक्षा असायची. आठच्या ठोक्याला रेडिओवर गाण्यांची चढाओढ लागायची. सोळाव्या नंबरपासून सुरुवात, मग एकेक पायरी वर, आणि शेवटी एक नंबर. सत्तरच्या दशकातली गोष्ट सांगतेय. गावात रेडिओ सात-आठच होते, पण ते इतक्या मोठ्यानं लावायची रीत होती की बाकीच्यांना विकत घ्यायची गरजच पडली नाही.

आणि काय भांडणं व्हायची, बाप्पा! गाणं चारवरून सातवर घसरलं, की लोकांचे चेहरे घरातलं पोरगं नापास झाल्यासारखे. माझ्या आत्यानं एका गाण्यापायी शेजारणीशी आठवडाभर अबोला धरला होता. आज ती गाणी कुठं गेली कोण जाणे. ज्यांनी अख्खं गाव डोक्यावर घेतलं, ती आता कुणी गुणगुणतसुद्धा नाही. मध्ये मी नातवाला एक चाल म्हणून दाखवली, तर कार्टं विचारतं, "आजी, हे तू आत्ता बनवलंस का?" असा राग आला ना! अरे, असं काय म्हणतोस मेल्या, या गाण्यानं माझं लग्न मोडता मोडता राहिलंय.

वडील बांधकाम खात्यात मैलकुली होते. म्हणजे डांबरी रस्त्याचे खड्डे बुजवणारे मजूर. स्वतः चौथी शिकलेले, पण "पोट्टी शिकलीच पाह्यजे" हा त्यांचा हट्ट. मला त्यांनी डी.एड. केलं. त्या उन्हाळ्यात एकाच महिन्यात घरात दोन गोष्टी चालून आल्या. एक, शाळेच्या नेमणुकीची ऑर्डर, मंगरूळपीरजवळच्या एका गावची. दोन, स्थळ, ते खुद्द मंगरूळपीरचं. मुलगा तहसीलीत कारकून. वडील खूश. म्हणाले, "पाह्य, दोनी गोष्टी एकाच गाडीच्या रस्त्यावर हायेत."

साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या दिवशी होणाऱ्या सासूबाईंनी चार बायकांत सांगून टाकलं, "आमच्या घरच्या सुना नोकरीले जात नाईत. घरी काय कमी काम हाये?" वडिलांनी विषय काढला, तर पुरुष मंडळी म्हणाली, "लग्न झाल्यावर पाहू." लग्न झाल्यावर पाहू म्हणजे कधीच पाहायचं नाही, एवढं मला कळत होतं. ऑर्डर माझ्या ट्रंकेत होती. जूनमध्ये हजर झाले नाही, तर तिचा कागद चुलीत घालायच्या लायकीचा.

जेवणं झाल्यावर मुलगा हात धुवायला रांजणापाशी आला. पाणी द्यायला मला पाठवलं होतं. तेवढीच संधी.

"माह्या नोकरीचं काय?" मी सरळ विचारलं.

"आई म्हनते त…"

"आईचं मी आयकलं. तुमचं काय?"

त्यांनी चूळ भरली. मग दुसरी भरली. तिसऱ्या वेळी तांब्यात पाणीच उरलं नव्हतं, तेव्हा नाइलाजानं बोलले, "तुमी बुधवारचे गाणे आयकता काय?"

माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी काय विचारून राहिले, अन् हा माणूस काय विचारून राहिला! पण त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं. माझं आवडतं गाणं पैंजणाचं, ते तेव्हा तिसऱ्या नंबरवर होतं. त्यांचं एक रडकं गाणं होतं, बाई सोडून गेली म्हणून एक माणूस मध्येमध्ये शिट्टी वाजवतो, असलं काहीतरी. ते पंधरावर लटकलेलं.

"लग्न गुरुवारचं हाये," ते म्हणाले. "आदल्या बुधवारी तुमचं गाणं माह्या गाण्याच्या वर राह्यलं, त नोकरी. आईले मी सांगन. जबान देतो."

"आन् तुमचं वर गेलं त?"

"त मंग आईचं."

जो जिंकेल त्याचं गाणं वरातीत बँडनं वाजवायचं, असंही ठरलं. माझी नोकरी म्हणजे काय रेडिओवरची चढाओढ आहे, असं ओठांवर आलं होतं. पण तीन नंबर कुठं आणि पंधरा नंबर कुठं! मी म्हटलं, कबूल.

मग दर शनिवारी त्यांचं पोस्टकार्ड यायला लागलं. त्यावर फक्त आकडे. "माझे ११. तुमचे २." पुढच्या आठवड्यात "माझे ८. तुमचे २." खाली सही. दोन कार्डं वडिलांनी पाहिली आणि त्यांची झोपच उडाली. जावई मटका खेळतो, आणि वर लेकीलाही आकडे लावायला शिकवतो! कामावरून रजा टाकून ते मंगरूळपीरला गेले, तहसीलीसमोरच्या हॉटेलात चहा पीत बसले, आणि आडून आडून चौकशी केली. परत आले तेव्हा चेहरा मोकळा झाला होता. "मटका नाई खेळत थो," ते म्हणाले. "पन काई तरी हाये. सारी तहसील त्याले आकडे इचारून राह्यली."

इकडं ते शिट्टीचं गाणं थांबायचं नावच घेईना. अकरा, आठ, पाच, तीन. आमचं पैंजण एक नंबरवर जाऊन बसलं होतं, पण लग्नाला आठ दिवस राहिले तेव्हा शिट्टी दोनवर होती. मला त्या माणसाचा असा संताप यायचा! दिसतो भोळा, पण पक्का बेरकी आहे, याला पुढचं सगळं आधीच माहीत असलं पाहिजे. मी रोज ट्रंक उघडून ऑर्डर बघायची आणि परत ठेवायची.

लग्नाआधीचा बुधवार उजाडला. आमच्याकडचं लग्न बुद्धवंदना घेऊन, पांढऱ्या साडीत व्हायचं. हळदबिळद काही नको, असं वडिलांनी बजावलेलं. आत्यानं संध्याकाळी मला मागच्या खोलीत ओढलं आणि हातापायांना पिवळंधमक फासायला घेतलं. वडिलांनी दारातून विचारलं, "हे काय हाये?" आत्या म्हणाली, "उटनं हाये. उन्हाळ्याचं आंग उलते पोरीचं." वडिलांनी एकदा रंगाकडे पाहिलं, एकदा बहिणीच्या तोंडाकडे पाहिलं, आणि मांडवाकडं निघून गेले.

आठ वाजले. बँडचे क्लॅरिनेटवाले काका वही-पेन्सिल न घेता, नुसते कान घेऊन रेडिओसमोर बसले. एक नंबरचं गाणं त्यांना त्याच वेळी ऐकून बसवायचं होतं. रेडिओ लावला, तर नुसती खरखर. मांडववाल्यांनी पताका बांधताना एरियलची तार तोडली होती! आत्यानं तुटकं टोक हातात धरून पाहिलं, काही नाही. वडिलांनी धरलं, काही नाही. मी चिडून ओढून घेतलं, आणि माझ्या ओल्या पिवळ्या हातात तार येताच रेडिओ खणखणीत बोलायला लागला. "सोडू नोको!" सगळे ओरडले. मग काय, उद्याची नवरी, अंगभर हळद, आणि रेडिओच्या कोनाड्याखाली एक हात वर करून तासभर उभी. पाय भरून आले. डास चावत होते. आत्या मला उभ्या उभ्या पाणी पाजत होती. बायका येत, नवरीला पाहायच्या ऐवजी कितवा नंबर लागला ते विचारत आणि बडबड करत बसत.

चार नंबर झाला, तीन नंबर झाला. आता फक्त ही दोन गाणी उरली होती. तेवढ्यात मांडवात पातेलं पडलं, बायकांचा एकच गलका झाला. माझा कान रेडिओला लागूनच होता. त्या गलक्यात मला एकटीला ऐकू आलं, दोन नंबरवर पैंजणाचं गाणं.

मी तार सोडली.

विचारबिचार काही केला नाही. हात आपोआप खाली आला. खरखर सुरू झाली. "अवं, धर ना!" आत्या ओरडली. मी म्हटलं, "हात दुखला." परत धरली, पण हळद वाळली होती, नऊ वाजेपर्यंत काही लागलं नाही. क्लॅरिनेटवाल्या काकांनी विचारलं, "कोनतं लागलं एक नंबर?"

"माह्यं," मी म्हटलं. "पैंजणाचं."

काका माझ्याकडं जरा जास्त वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "बरं, पोरी."

सकाळी दात घासताना माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अगं बाई! त्यांच्याकडंही रेडिओ आहे की! तहसीलीतल्या सगळ्यांकडं आहे! आता काकांना जाऊन काय सांगू? बँड तर गावाच्या शाळेत पोहोचलासुद्धा होता. वऱ्हाड तिथं उतरलं होतं.

वरात निघाली. बँड पैंजणाचं गाणं वाजवतोय, आणि मी दाराच्या फटीतून बघतेय. अंगणापाशी आल्यावर तहसीलीतले दोघं-तिघं ओरडायला लागले, "ओ बँडवाले! बंद करा! एक नंबर हे नाई, कालच्याले शिट्टीवालं लागलं!" बँड थांबला. नवरदेव पुढं झाले, काकांच्या जवळ गेले. आता हा माणूस चार गावांसमोर सांगणार, नवरी लबाड आहे म्हणून.

ते म्हणाले, "काका, दुसरं कडवं बी वाजवा ना."

आणि स्वतः दोन पावलं नाचले. फार वाईट नाचले.

पंगतीत त्यांनी आईला सांगितलं, "आई, मी शर्त हारलो. जबान देल्ली होती. शाळेत जाईन थे." सासूबाईंनी जिलबी ताटात ठेवली. "कायची शर्त? घरी गेल्यावर पाहू." झालं! पुन्हा 'पाहू'.

दुपारी वऱ्हाडाची बस निघाली. सासूबाई पुढच्या सीटवर, आम्ही दोघं मागं. मला राहवेना. मी हळूच म्हटलं, "तार मीच सोडली होती. माह्यं गाणं दोन नंबरवर होतं."

"मले माहीत हाये. आमच्या इथी रेडिओ खणखणीत लागला होता."

"मंग बोलले काहून नाई?"

ते खिडकीबाहेर बघत बोलले. "मी पंधरा नंबरचं गाणं मुद्दाम घेतलं होतं. उतरतीले लागलेलं होतं थे. मले हाराचंच होतं. हारलो म्हनून आईले सांगता आलं असतं. नुसतं तोंडावर सांगाची माही हिंमत नाई. आन् थे मेलं चढतच गेलं! दर बुधवारी रेडिओ फोडावा वाटे."

दीड महिना मी ज्याला बेरकी म्हणत होते, तो माणूस दीड महिना घाबरून बसला होता. हसू फुटलं मला. पण मग एक गोष्ट मनात आली, आणि हसू गेलं.

"मी तार नसती सोडली त?"

"त नोकरी गेली असती तुमची," ते म्हणाले.

खोटं बोलले असते तर चाललं असतं मला त्या वेळी. बोलले नाहीत. मला रागही आला आणि वाईटही वाटलं. कारंज्याला बस चहापाण्याला थांबली. पुरुष उतरले, तेही उतरले. मी उठले, आणि पुढं जाऊन सासूबाईंच्या शेजारी बसले. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सगळं सांगून टाकलं. रांजण, पंधरा नंबर, पोस्टकार्डं, हळदीचा हात, तार. काही ठेवलं नाही.

सासूबाई खिडकीतून खाली बघत होत्या. खाली त्यांचा मुलगा बशीतला चहा फुंकत उभा होता.

"याले मले सांगता नाई आलं?"

"भेतात तुमाले."

"आन् तू नाई भेत?"

"भेते. पन रोज तुमच्या घरी राहाचं हाये मले. खोटं घेऊन येनं नाई जमत."

ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, माणसं चढायला लागली. मी मनातल्या मनात ऑर्डरचा कागद फाडून टाकला. हे बसच्या पायरीवर आले, आम्हा दोघींना शेजारी बसलेलं पाहिलं आणि तिथंच थिजले. मागचे लोक ओरडत होते, "चढ ना बे!"

"शाळा किती वाजता भरते?" सासूबाईंनी विचारलं.

"अकराले."

"मंग धा वाजता जेवन झालं पाह्यजे तुहं," त्या म्हणाल्या. "भाकरी मी टाकीन."